तारापूर ते माडबन : मामाच्या गाडीतून विजेच्या मागावर

गुरुवार : बोईसर, तारापूर

मामा एमएसईबीतून रिटायर झाला त्याला बरीच वर्षं झाली. २००५ मधे बोर्डाचे तुकडे पडून महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या तरी तो अजून एमएसईबीच म्हणतो. घरच्या ग्रुपवर आमचं कायम वाजतं. माझं म्हणणं, सोलरची वीज आता अडीच रुपयाच्या आसपास युनिट मिळतेय, मग अणुभट्ट्यांचा खटाटोप कशाला. यावेळी तो म्हणाला, अगं टाईप करून अंगठे दुखले, चल, राज्यात वीज कुठे कुठे तयार होते ते एकदा डोळ्यांनी बघून घे, मग काय भांडायचं ते भांड. फेब्रुवारी होता, सुट्टी शिल्लक होती, निघालो.

तारापूरला गाडी नेली नाही, सरळ डहाणू लोकल पकडली. विरार मागे पडलं की खाडी, मिठागरं, मोकळी शेतं असं सगळं सुरू होतं आणि गाडीत बसायला जागाही मिळते. बोईसरला उतरलो तर पहिला नाकात शिरला तो केमिकलचा वास. रिक्षावाल्याला विचारलं तर हसला, "हा वास एमआयडीसीचा मॅडम, अणूचा नाय. अणूला वासच नाय ना."

प्लँटच्या आत जाता येत नाही हे आधीच माहीत होतं. गेटच्या आसपास फोटो काढायचा तर विचारही करू नका, सीआयएसएफवाले उभे असतात. आम्ही आधी चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो, मग घिवलीच्या बाजूला. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सगळं फारच साधं वाटतं. चिमणीतून धूर नाही, कोळशाचे डोंगर नाहीत, राखेचा तलाव नाही. काँक्रीटच्या इमारती, एक उंच बारीक स्टॅक आणि पलीकडे समुद्र, बस.

इथल्या पहिल्या दोन युनिटनी २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यापारी उत्पादन सुरू केलं. अमेरिकेच्या जीई कंपनीच्या, पाणी भट्टीतच उकळून त्याची वाफ थेट टर्बाइनला देणाऱ्या जातीच्या भट्ट्या. मूळच्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या, पुढे १६० वर आणल्या. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला, मग कधी फ्रान्स, कधी चीन, कधी रशिया असं मागून आणून या भट्ट्या चालवल्या. मामा म्हणतो जगात इतकी कुरकुर ऐकून घेत इतकी वर्षं चाललेली मशिनं विरळाच. २०२० मधे त्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या. शेजारची ३ आणि ४ नंबरची युनिटं मात्र पूर्ण देशी, प्रत्येकी ५४० मेगावॉट, एक २००५ ला आणि दुसरं २००६ ला चालू झालं. यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी, लागतं. युरेनियम समृद्ध करायची, म्हणजे त्यातला फुटणारा भाग वाढवायची, भानगड नाही आणि इंधन बदलायला भट्टी बंदही करावी लागत नाही.

वडापावच्या गाडीवर बसून मामाने बिलाच्या मागे गणित मांडलं. एक किलो कोळसा जाळला की जेमतेम दीड युनिट वीज. एक किलो साधं युरेनियम या देशी भट्टीत वापरलं की साधारण पन्नास हजार युनिट. आपल्या घराला महिन्याला सव्वाशे युनिट लागतात असं धरलं तर तीस वर्षांच्या वर झाली की गं, म्हणाला. मी म्हटलं आणि कचरा? तर म्हणे कचरा आहेच, हजारो वर्षं सांभाळायचा आहे, पण तो कुठे आहे हे तरी माहीत आहे. वापरलेल्या इंधनावर इथेच तारापूरला प्रक्रिया होते आणि जो जहाल भाग उरतो तो काचेत वितळवून बंद करतात. कोळशाचा कचरा तू श्वासातून घेतेस, त्याचा हिशोब कोण ठेवतं? इथे मी गप्प बसले, कारण सकाळपासून नाकात वासच इतका होता.

अमेरिकेहून आलेल्या इंधनाचं मात्र त्रांगडंच झालं. त्याच्यावर प्रक्रिया करायची की नाही यावर दोन देशांचं एकमत होईना, म्हणून ते वापरून झालेलं इंधन तारापूरच्याच आवारात सांभाळत बसलेत.

परतताना रिक्षावाल्याने स्वतःहून पोफरण आणि अक्करपट्टीचा विषय काढला. ३ आणि ४ नंबर युनिटसाठी ही दोन्ही गावं उठवली. नवीन वसाहत मिळाली, पण लोक कोर्टात गेले, घरं कशी दिली, नोकऱ्या किती दिल्या, होड्या लावायच्या तर कुठे, यावर हायकोर्टात वर्षानुवर्षं चाललं. "पोफरणवाल्यांची घरं समुद्रावर होती हो. आता मासे धरायला रिक्षा करून जायचं का?" एवढंच बोलला आणि स्टेशनवर सोडलं. भाडं ठरल्यापेक्षा दहा रुपये कमीच घेतलं, का कोण जाणे.

शुक्रवार : सातारा, चाळकेवाडी

ठाण्याहून गाडी घेऊन निघालो. एक्सप्रेसवे, खंबाटकी, सातारा, याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रॅफिक होतं. सातारहून ठोसेघरच्या रस्त्याने वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. इथे आणि पुढे वनकुसवड्यापर्यंत शेकडो पवनचक्क्या आहेत, नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे एकदम धडाका लागला होता. आज पाहिलं तर निम्म्याहून जास्त स्तब्ध. वारा होता पण नुसता गालाला लागण्यापुरता.

पावसाळ्यात इथे उभं राहवत नाही इतका वारा असतो आणि तेव्हा या चक्क्या जोरात चालतात. पण तेव्हा राज्यात शेतीपंप बंद असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधे, राज्याची मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे जाते तेव्हा चक्क्या पेंगत असतात. मी म्हटलं तेव्हा सोलर असतो ना. आणि खरंच, शेतीच्या पंपांना दिवसा सोलरवर वीज द्यायची योजना राज्यात जोरात चाललीय, ते मला फार शहाणपणाचं वाटतं, शेतकऱ्याची रात्री पाणी द्यायची कटकटही जाते. मामालाही ते मान्य आहे. त्याचा प्रश्न संध्याकाळी सातनंतरचा आहे, आणि त्याच्या मते सोलरवाल्यांना सातनंतर जेवायची घाई असते.

रात्री पाटणला राहिलो. जेवण झणझणीत, पंखा मोठ्याने आवाज करणारा.

शनिवार : कोयना, कुंभार्ली घाट, पोफळी

मामाच्या दृष्टीने हा तीर्थयात्रेचा दिवस. कोयनानगरला नेहरू उद्यानाच्या बाजूने धरण बघितलं, १०३ मीटर उंच, मागे शिवसागर पसरलेला. फेब्रुवारी असूनही पाणी बरंच होतं. कोयनेची गंमत अशी की नदी पूर्वेला वाहते पण पाणी वळवून पश्चिमेला सह्याद्रीच्या पोटातून पावणेपाचशे मीटर खाली सोडलंय. खाली डोंगराच्या आत पॉवर हाऊस, आणि त्यातून सुटलेलं पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्याच्यावर अलोऱ्याला परत वीज. एकाच पाण्यावर दोनदा. चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग, म्हणजे भरलेल्या तलावाच्या तळाला खालून भोक पाडणं, १९९९ च्या मार्चमधे झालं. मामा त्या आठवणीने अजून खुर्चीत पुढे सरकून बसतो.

सगळे टप्पे मिळून कोयना १९६० मेगावॉट. तारापूरच्या नव्या दोन भट्ट्या मिळून १०८०. मला वाटत होतं म्हणजे कोयना जवळजवळ दुप्पट. मामा म्हणाला मेगावॉट काय विचारतेस, ती नुसती ताकद, युनिट विचार, म्हणजे प्रत्यक्ष वीज किती झाली ते. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, तेवढ्या पाण्यात वर्षाला अडीच-तीन अब्ज युनिट होतात. तारापूरच्या त्या दोन भट्ट्या नीट चालल्या तर वर्षाला साडेसात अब्ज. क्षमता निम्मी, वीज अडीच पट. पण याचा अर्थ कोयना कमी असा नाही, आणि हे मामानेच सांगितलं. कोयना म्हणजे संध्याकाळचा खेळाडू. मागणी एकदम वर गेली की काही मिनिटांत चालू करायची, उतरली की बंद. अणुभट्टी असं करायला नाखूष असते, तिला रात्रंदिवस एका चालीने चालवलं तरच ती परवडते, कारण जवळजवळ सगळा खर्च बांधतानाच झालेला असतो.

आमच्या भांडणाचा गुंता मला इथे थोडा सुटलेला वाटला. सोलर विरुद्ध अणु असं मांडलं की दोन्हीकडचे लोक ओरडत बसतात. दुपारची वीज सोलर देणार, त्याच्याशी अणु भावात टिकणारच नाही. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा कोयनेसारखी पाण्यावरची वीज किंवा बॅटरी. पण या सगळ्याच्या खाली जी चोवीस तासांची न थांबणारी मागणी आहे ती आज आपल्याकडे कोळसा भागवतो, एकट्या चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं केंद्र आहे. अणुऊर्जेचं भांडण खरं तर कोळशाशी आहे. हवामान बदलावरच्या आयपीसीसीने २०१४ मधे जे आकडे दिले त्यात एका युनिटमागे कोळशाचा कार्बन ८२० ग्रॅम, गॅसचा ४९०, मोठ्या सोलर प्रकल्पांचा ४८, आणि अणूचा १२, म्हणजे पवनचक्कीच्या जवळपास. खाणकामापासून भट्टी मोडण्यापर्यंत सगळं धरून हे आकडे आहेत.

जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोळशाची केंद्रं चालूच होती. मला तो क्रम उलटा वाटतो, वाटतच राहणार.

दुपारी कुंभार्ली घाट उतरलो. पोफळीला मामाने त्याचं जुनं क्वार्टर दाखवलं, खिडकीला दुसऱ्याच कुणाचे पडदे होते आणि दारात स्कूटी. शेजारच्या मावशींनी ओळखलं त्याला! मग चहा, मग दुसरा चहा. त्यांनी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं ऐकवलं, त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं. पहाटेची वेळ, लोक झोपेत, दोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं. हा भूकंप पुढच्या प्रवासातही आमच्याबरोबर आला कारण माडबनला व्हायच्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या वादात तो कायम निघतो. कोयनानगर ते माडबन सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर.

आणि हो, कोयनेचे प्रकल्पग्रस्त. साठ वर्षं होऊन गेली तरी त्यांची आंदोलनं अजून संपलेली नाहीत. धरणाला कुणी घातक म्हणत नाही, स्वच्छ वीज म्हणतात, पण उठवलेल्या माणसांचा हिशोब इथेही तसाच पडलेला.

रविवार : अंजनवेल

चिपळूणहून गुहागर. समुद्र, नारळी, सुपारी, आणि मग अंजनवेलच्या गोपाळगडावर उभं राहिलं की खाली तो एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा गॅसवरचा वीजप्रकल्प. आमच्या पिढीला एन्रॉन म्हणजे शाळेत असताना ऐकलेला भांडणाचा शब्द. १९९३ ला करार, १९९९ ला पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा सुरू, २००१ मधे बंद, कारण ती वीज बोर्डाला इतकी महाग पडायला लागली की बिलं देता येईनात. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधे एन्रॉनचं अमेरिकेतच दिवाळं वाजलं. मग २००५ मधे सरकारी कंपन्यांनी मिळून तो ताब्यात घेतला, १९६७ मेगावॉटचा केला, आणि मग गॅसच मिळेना. एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला गॅस, उतरवायचा धक्का आहे पण लाटा अडवायची भिंत कित्येक वर्षं अर्धवट, म्हणून पावसाळ्यात जहाज लागायचं नाही.

मामा इथे फार बोलला नाही. बोर्डाच्या माणसांसाठी ती जखम आहे. एवढंच म्हणाला, "मशीन उत्तम होतं गं. करार वाईट होता."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. विजेच्या प्रकल्पात टर्बाइन कुणाची, भट्टी कुठल्या जातीची यावर आपण तासन् तास बोलतो, पण पंचवीस वर्षं काय भावाने वीज घ्यायची यावर कुणी बोलत नाही, ते कुठेतरी बंद दाराआड ठरतं आणि मग बिलातून आपल्याला कळतं.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर बसलो, सुरमई थाळी खाल्ली, सोलकढी दोनदा मागितली. बाकी काही नाही.

सोमवार : जयगडची फेरीबोट, साखरी नाटे, माडबन

तवसाळला गाडीसकट फेरीबोटीत चढलो, पलीकडे जयगड. बोटीतून उतरून पुढे गेलं की जयगडचं १२०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र, परदेशातून जहाजाने आणलेल्या कोळशावर चालणारं. म्हणजे कोकणात गॅस आलाय, कोळसा आलाय, अणु येऊ घातलाय, रिफायनरीवरून नाणार आणि बारसूला रान उठून झालंय. वर कोकणाला कॅलिफोर्निया करायचंय असं पण म्हणत असतात. असो.

गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळी असा किनाऱ्याचा रस्ता धरला. वेळ लागतो पण तोच घ्यावा. आंब्याला मोहोर होता. कशेळीला कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ, तिथे मी मामाला मुद्दाम नेलं, सोलरवाल्यांचा देव म्हणून. त्याच भागात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत, हत्तीचं एक चित्र तर एवढं मोठं की पायाशी उभं राहून नीट दिसतच नाही.

नाट्याला पोचेपर्यंत दुपार टळलेली. साखरी नाटे म्हणजे मच्छीमारांचं भरगच्च बंदर, होड्याच होड्या, जाळी, बर्फ, गोंगाट. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात जैतापूर प्रकल्पाविरुद्धचं आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मेला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ११ मार्चला, जपानमधे फुकुशिमा झालेलं. टीव्हीवर ते स्फोट बघितलेल्या माणसांना तेव्हा कुणी येऊन सांगत होतं की इथे असं होणार नाही. कोण ऐकणार?

फुकुशिमात नक्की काय झालं ते मामाने बंदरावर उभं राहून सांगितलं. भूकंपाने भट्ट्या बंद पडल्या, जशा पडायला पाहिजेत तशा. पण बंद भट्टीतही उष्णता निघत राहते, तिला थंड ठेवायला पंप लागतात, पंपाला वीज लागते. त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमधे शिरलं आणि सगळं ठप्प झालं. जैतापूरसाठी जी फ्रेंच ईपीआर भट्टी ठरलीय तिला दुहेरी कवच आहे आणि गाभा वितळलाच तर तो झेलायला खाली वेगळी जागा केलेली आहे. माडबनचा सडाही समुद्रापासून चांगला उंच. हे सगळं पटण्यासारखं आहे. होडीजवळ जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका चाचांना मात्र त्यात काडीचा रस नव्हता. ते म्हणाले, "ज्यांची जमीन गेली त्यांना पैशे मिळाले. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? आम्हाला कशाची भरपाई देणार?"

मला हा मुद्दा किरणोत्सर्गापेक्षा मोठा वाटला. अणुभट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची उष्णता समुद्राला द्यायची. जैतापूर पूर्ण झालं तर रोज अब्जावधी लिटर कोमट पाणी समुद्रात जाणार, जवळपासच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावं अशी अट आहे. आता ५ अंशांनी बांगडा जागा बदलतो की नाही यावर तज्ज्ञ भांडतील, पण बदलला तर नुकसान कुणाचं ते ठरलेलं आहे, आणि त्या माणसाचं नाव कुठल्याच रजिस्टरमधे नाही.

खाडीवरचा पूल ओलांडून जैतापूर, मग माडबन. सडा. नुसता जांभा, वाळलेलं पिवळं गवत, आणि कंपाउंडची भिंत जी कुठे संपते तेच कळत नाही. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरिलवाडा मिळून ९३८ हेक्टर जमीन. सरकारी कागदावर यातली बरीच पडीक. एका काकांनी ओटीवर बसवून पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारलं, "पडीक म्हणजे काय हो? पावसाळ्यात ये, गुरं कुठे चरतात ते दाखवतो." त्यांनीही पैसे घेतलेत. हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर झाल्यावर घेतले. "पैशे घेतले म्हणजे पटलं असं नाय. पोरं मुंबईला, खटल्याला कोण धावणार."

आता आकडे. सहा भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९००. जगातला सगळ्यात मोठा अणुऊर्जा प्रकल्प होईल असं म्हणत आलेत. ६ डिसेंबर २०१० ला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना करार झाला, तेव्हा कंपनी होती अरेवा. पुढे अरेवाच गाळात गेली आणि काम ईडीएफकडे आलं, त्यांनी २०२१ च्या एप्रिलमधे किंमत आणि तंत्राचा प्रस्ताव दिला. अपघात झाला तर भट्टी पुरवणाऱ्याची जबाबदारी किती, यावर २०१० च्या आपल्या कायद्याने जे म्हटलं ते परदेशी कंपन्यांना कधीच रुचलं नाही, त्यात वर्षं गेली. आम्ही गेलो तेव्हा भिंतीच्या आत गवतच होतं.

मामाने तिथेच मोबाईलवर हिशोब केला. ९९०० मेगावॉट ऐंशी टक्के वेळ चालले तर वर्षाला सत्तरएक अब्ज युनिट. तेवढीच वीज सोलरने करायची तर त्याच्या जवळपास चौपट, म्हणजे चाळीस हजार मेगावॉट पॅनल, मेगावॉटला दोन हेक्टर धरले तरी ऐंशी हजार हेक्टर. आणि इथे ९३८. "सांग आता, जमीन कोण जास्त खातं?"

गणित बरोबर आहे. माझंही गणित होतं. याच जातीची भट्टी फिनलंडमधे ओल्किलुओतोला २००५ ला बांधायला घेतली ती नियमित चालू झाली २०२३ ला. फ्रान्समधे, त्यांच्या स्वतःच्या देशात, फ्लामनव्हिलला २००७ ला घेतली ती ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मधे. तिचा सुरुवातीचा अंदाज ३.३ अब्ज युरो होता, कंपनीच्याच हिशोबाने तो १३ अब्जाच्या पुढे गेला. चीनने तैशानला लवकर उभी केली, पण चीनचं सगळंच लवकर होतं. मग माडबनला अशा सहा बांधायच्या तर वीज कधी आणि काय भावाने? मी म्हटलं मामा, काल अंजनवेलला तू काय म्हणालास? मशीन उत्तम, करार वाईट. तो गप्प. मग म्हणाला ते वेगळं होतं. मग पाच मिनिटांनी म्हणाला, तितकंही वेगळं नव्हतं.

आपल्याच लोकांनी गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्या २०२३ आणि २०२४ मधे व्यापारी तत्त्वावर चालू केल्या, तारापूरच्या ५४० ची ही मोठी बहीण. उशीर त्यांनाही झाला, पण सुटा भाग अडला तर पॅरिसला फोन करावा लागत नाही. देशाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट, म्हणजे एक लाख मेगावॉट, अणुऊर्जेचं लक्ष्य २०२५ च्या बजेटमधे जाहीर केलंय, आणि ते जाहीर झालं तेव्हा आपण नऊ गिगावॉटच्याही खाली होतो, एकूण विजेत वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. एवढी उडी मारायची तर माझं मत असं की एकच नमुना धरून परत परत बांधा, जिथे आधीच भट्ट्या आहेत त्या कुंपणात बांधा, जिथे जुनं कोळशाचं केंद्र मोडीत निघतंय आणि पाणी पुरतंय तिथे बांधा. एका सड्यावर सहा राक्षस आणून बसवायचे आणि पहिला कधी उठेल ते कुणालाच सांगता येत नाही, याला मी हवामान बदलावरचा उपाय म्हणणार नाही. मामाला हे निम्मं पटलं. त्याचं म्हणणं, जुन्या कुंपणात किती मावतील? तारापूरला अजून किती टाकशील? समुद्राचं पाणी असलेल्या आणि वस्ती विरळ असलेल्या जागा आहेत कुठे? त्याला उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या जुन्या कोळसा केंद्राचं नाव घेतलं तर म्हणाला गोदावरीला विचार आधी.

सूर्य खाली जाईपर्यंत माडबनच्या पुळणीवर होतो. इथे कासवं अंडी घालायला येतात, गावातली मुलं घरटी राखतात. आम्हाला कासव काही दिसलं नाही. दोन पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांनी मामाला बॅटिंग दिली, तो पहिल्याच बॉलला आऊट झाला आणि नो बॉल आहे म्हणून भांडला.

मंगळवार : विजयदुर्ग आणि परत

वाघोटण खाडीच्या पलीकडे विजयदुर्ग, सकाळीच गाठला. किल्ला सुंदर, पडझड खूप. इथे साहेबाचे ओटे म्हणून चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून गेला होता आणि गावात सांगतात की इथूनच हेलियमचा शोध लागला. सूर्याच्या प्रकाशात हेलियमची ती अनोळखी पिवळी रेघ त्या वर्षी सापडली हे खरं, पण लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ती टिपली ती इंग्लंडमधून, ऑक्टोबरमधे. गावाला हे सांगू नये, ते फार प्रेमाने बोर्ड लावतात. सूर्य म्हणजे हायड्रोजनचं हेलियम करणारी भट्टी, म्हणजे मामा म्हणतो शेवटी तुझं सोलरही अणुऊर्जाच. हा विनोद त्याने महामार्ग लागेपर्यंत आणखी दोनदा केला.

परतीचा मुंबई-गोवा हायवे काही ठिकाणी लोण्यासारखा आणि काही ठिकाणी अजून खणलेलाच. त्याच्यावर नवीन काही लिहायला नको.

कुणाला हा रूट करायचा असेल तर: तारापूरला गेटजवळ गाडी थांबवू नका, कॅमेरा बॅगेत ठेवा. तवसाळ-जयगड फेरीची शेवटची वेळ आधी फोन करून विचारा. नाट्याच्या पुढे पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका, रत्नागिरीलाच टाकी फुल करा. माडबनला लोकांशी बोलायचं असेल तर तुम्ही प्रकल्पाच्या बाजूचे की विरोधातले हा प्रश्न पहिल्यांदा येतो, खरं काय ते सांगा, लोक चहा दोघांनाही देतात. आणि सोबत एमएसईबीचा माणूस असेल तर पोफळीला दोन तास जास्तीचे धरा.